कावीळ : माळ घालण्याआधी कारण शोधा

(कारखाना दवाखान्याकडून सभासदांसाठी)



आपल्याच भागातील एका वस्तीवरची ही हकिकत आहे. नावागावाशी आपल्याला कर्तव्य नाही. दोघे सख्खे भाऊ, दोघेही सभासद. पावसाळ्याच्या तोंडाला धाकट्याला कावीळ झाली. वय पस्तीस. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात बारीक ताप, अन्नाचा वास नको. घरच्यांनी शेजारच्या गावी नेऊन काविळीची माळ घातली. माळ दिवसागणिक लांबत गेली, गळ्यातून पार बेंबीपर्यंत आली, आणि तीन आठवड्यांत गडी ठणठणीत होऊन लागणीच्या कामाला लागला. साऱ्या भावकीत माळेचे नाव झाले.

पुढच्या वर्षी थोरल्याचे डोळे पिवळे झाले. वय अठ्ठावन्न. ताप नाही, पोटात कळ नाही. भूक मात्र मंदावलेली आणि सदरा अंगावर ढगळ होऊ लागलेला. त्याच माणसाकडून तशीच माळ आणली. माळ याही खेपेला लांबली. पण डोळ्यांचा पिवळा रंग उतरेना, तो हिरवट होत चालला. अंगाला अशी खाज सुटली की रात्र रात्र झोप नाही. मग माळ बदलली, नाकात थेंब घातले, पथ्य आणखी कडक केले. असे पन्नास दिवस गेले. त्यानंतर मंडळी दवाखान्यात आली. आम्ही तडक सोनोग्राफीला पाठवले. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ होती, तिने पित्ताची नळी दाबून धरली होती, आणि गाठ काढण्याजोगी राहिली नव्हती. पहिल्याच आठवड्यात आले असते तर वाचलेच असते, असे छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. पण हाती असलेले पन्नास दिवस फुकट गेले, एवढे खरे.

पुढे थोरल्याच्या मुलाने आम्हाला विचारले, "डॉक्टरसाहेब, ज्या माळेनं नानांना गुण आला, तिनं आबांना का नाही आला?"

प्रश्न सरळ आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक सभासदाच्या घरात ठाऊक असले पाहिजे. म्हणून हा लेख.

कावीळ हा रोग नव्हे, खूण आहे

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. जुन्या झाल्या की शरीर त्या मोडीत काढते. त्या मोडीतून एक पिवळे द्रव्य निघते, त्याला बिलिरुबीन म्हणतात. हे द्रव्य रक्तातून यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये जाते. यकृत त्यावर प्रक्रिया करून ते पित्तात सोडते. पित्त नळीवाटे आतड्यात उतरते व शौचावाटे बाहेर पडते. शौचाला जो पिवळसर तपकिरी रंग असतो तो याचाच. निरोगी माणसाच्या रक्तात बिलिरुबीनचे प्रमाण साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास असते. ते अडीच-तीनच्या वर गेले की डोळ्यांचे पांढरे पिवळे दिसू लागते. त्यालाच आपण कावीळ म्हणतो.

आता आपल्या कारखान्याच्या यार्डाचा विचार करा. गव्हाणीसमोर गाड्यांची लांबच लांब रांग लागली आहे. का लागली? तीन कारणे संभवतात. तोडणी जास्त होऊन कुवतीपेक्षा जादा ऊस आला असेल. किंवा ऊस नेहमीइतकाच आहे, पण आत मिलमध्ये बिघाड झाला असेल. किंवा मिल ठीक आहे, पण पुढे नळी तुंबल्याने माल सरकत नसेल. तिन्ही वेळी यार्डात रांग तशीच दिसते. नुसती रांग बघून कारण कळत नाही, आणि रांगेतल्या बैलांना पेंड घालून रांग हटत नाही. आत जाऊन बघावे लागते.

काविळीचेही तेच आहे. पिवळे डोळे ही यार्डातली रांग.

पहिली तऱ्हा : तांबड्या पेशी वाजवीपेक्षा जास्त फुटतात आणि बिलिरुबीनचा लोंढा येतो. हिवतापात, सिकलसेलमध्ये आणि रक्ताच्या इतर काही विकारांत असे होते. अशा माणसाची कावीळ बेताची असते, पण तो पांढराफटक पडतो आणि चालताना त्याला दम लागतो.

दुसरी तऱ्हा : यकृतालाच सूज येते. विषाणू, दारू, काही औषधे, उंदरांपासून येणारा ताप ही त्याची कारणे. आपल्याकडील बहुतेक कावीळ या तऱ्हेची असते.

तिसरी तऱ्हा : यकृत काम करते, पण पित्ताची वाट अडते. पित्ताशयातला खडा नळीत येऊन बसतो, किंवा नळीत वा स्वादुपिंडात गाठ होते. थोरल्या भावाची कावीळ ही होती.

याखेरीज काही निरोगी माणसांत बिलिरुबीन जन्मतःच किंचित जास्त असते. उपास घडला, जागरण झाले की डोळे जरा पिवळट दिसतात आणि आपोआप निवळतात. ते निरुपद्रवी असते. पण तसे ठरवायचे ते तपासणीनंतर, अंदाजाने नव्हे.

घरी काय पाहावे

डोळे दिवसा उजेडात, अंगणात येऊन पाहावेत. दिव्याच्या पिवळ्या उजेडात कोणाचेही डोळे पिवळे दिसतील. गाजर किंवा पपई फार खाल्ल्याने तळहात पिवळसर होतात, पण डोळे पांढरेच राहतात. ती कावीळ नव्हे.

मग लघवी आणि शौचाचा रंग पाहावा. यात लाज धरू नये, डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. लघवी मोहरीच्या तेलासारखी किंवा काळ्या चहासारखी गडद झाली, तर यकृताची सूज किंवा नळीतला अडथळा संभवतो. शौच दिवसेंदिवस पांढुरके, शाडूसारखे होत असेल आणि अंगाला खाज असेल, तर पित्त आतड्यात पोचत नाही असे समजावे. यकृताच्या सुजेतही शौच काही दिवस फिके होऊ शकते, म्हणून निकाल घरी लावू नये. पण ही माहिती डॉक्टरांना सांगितली तर त्यांचे निम्मे काम होते.

त्यानंतर रक्ताच्या साध्या तपासण्या करतात : बिलिरुबीन, एस.जी.पी.टी., रक्त गोठण्याचा वेळ, बी आणि सी काविळीची चाचणी, जरूर पडल्यास ए आणि ई ची. सोनोग्राफीत पित्ताची नळी फुगली आहे का, ते दिसते. एवढ्यावर बहुधा तिन्हींपैकी तऱ्हा कोणती ते कळते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. "बिलिरुबीन किती?" एवढेच विचारून मंडळी आकड्याच्या मागे लागतात. आकडा बारा-पंधरावर जाऊनही माणूस बरा होतो, आणि आकडा त्याहून कमी असताना माणूस ग्लानीत जाऊन दगावतो. रुग्ण शुद्धीवर कसा आहे आणि त्याचे रक्त वेळेत गोठते की नाही, हे आकड्याहून महत्त्वाचे.

पाण्यातून येणारी कावीळ

धाकट्या भावाला झाली ती ही. ए आणि ई असे दोन विषाणू रुग्णाच्या शौचावाटे बाहेर पडतात आणि दूषित पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या पोटात जातात. ए बहुधा लहान वयातच होऊन जातो आणि मुलांत तो सौम्य असतो. मोठेपणी झाला तर जास्त त्रास देतो. मोठ्या माणसांत पाण्यातून येणाऱ्या साथी पुष्कळदा ई विषाणूच्या असतात.

दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाणीपुरवठ्यात गटाराचे पाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ई विषाणूची होती हे पुष्कळ वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळले. दूरची गोष्ट कशाला? आपल्या उसाच्या मुलखात, कोल्हापूर शहरात १९८१ साली पाण्यातून काविळीची साथ आली होती आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला होता. इचलकरंजीने २०१२ साली अशीच साथ भोगली. म्हणजे ही पीडा जुनी आहे आणि अजून गेलेली नाही.

या काविळीचा एक डाव समजून घेतला पाहिजे. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत ए मध्ये साधारण दोन ते सात आठवडे, ई मध्ये दोन ते दहा आठवडे जातात. म्हणजे आज गल्लीत चार जणांचे डोळे पिवळे झाले, तर पाणी बिघडले ते बहुधा महिन्या-दीड महिन्यापूर्वी. आजचे पाणी तपासून ते चांगले निघाले म्हणून ग्रामपंचायतीने निर्धास्त होऊ नये. नळ कोठे फुटला होता, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचे पाणी कधी साचले होते, याचा मागला हिशोब काढावा. शिवाय डोळे पिवळे दिसण्याआधी आठ-पंधरा दिवसांपासूनच रुग्ण विषाणू बाहेर टाकत असतो. म्हणून एक रुग्ण दिसला की साऱ्या घराने पाणी उकळून प्यावे आणि साबणाने हात धुवावेत. रुग्णाला वाळीत टाकण्याची मात्र गरज नाही.

गरोदर बाईची गोष्ट निराळी आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ई विषाणूची कावीळ झाली, तर शंभरातल्या २० ते २५ जणी दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा पोटुशी लेक किंवा सून पिवळी दिसली, तर रात्र असो की अमावास्या, थांबू नका. सर्व सोयींच्या इस्पितळात त्याच दिवशी न्या.

माळ का लांबते?

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. ए आणि ई विषाणूंची कावीळ बहुतेक लोकांत दोन ते सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. शरीर स्वतःच विषाणूला हटवते. या काळात गळ्यात माळ असली तर माळेला यश, नाकात थेंब घातले तर थेंबाला यश, आणि खरे सांगायचे तर आम्ही टॉनिकची बाटली दिली असेल तर बाटलीलाही यश! धाकटा भाऊ माळेविनाही बरा झाला असता.

मग माळ लांबते ती कशी? ताज्या मुळीचे किंवा काडीचे तुकडे दोऱ्याच्या सैल फासांत अडकवलेले असतात. तुकडे सुकून बारीक होतात, फास सरकत जातात, दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबेल, निरोग्याच्या गळ्यात घातली तरी लांबेल. चुन्याच्या निवळीत हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, तो रंग हाताला आधी चोळलेल्या झाडाच्या सालीचा असतो. नाकात कडू रस घातल्यावर जे पिवळे पाणी गळते ते काविळीचे नव्हे, नाकाच्या आतली त्वचा भाजल्याचे असते. तापलेल्या सळईच्या डागाने कातडी भाजते, यकृतापर्यंत काहीच पोचत नाही.

माळ घालणारे सगळेच लबाड असतात असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळ जण पैसाही घेत नाहीत, आणि दहांतले आठ-नऊ रुग्ण बरे झालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात. त्यांचा विश्वास प्रामाणिक असेल. पण उरलेला एक कोणता, हे माळेला ओळखता येत नाही. खरा धोका तो आहे. कोणाला मनाच्या समाधानासाठी माळ घालायचीच असेल तर आम्ही भांडणार नाही. पण आधी रक्त तपासा, सोनोग्राफी करा, आणि मग घाला. नाकातले थेंब, डाग आणि पोटातून द्यायची अनोळखी झाडपाल्याची औषधे मात्र कटाक्षाने टाळा. सुजलेल्या यकृतावर त्यांचा आणखी भार पडतो.

रक्तातून येणारी कावीळ

बी आणि सी हे विषाणू पाण्यातून येत नाहीत. न उकळलेली सुई, न तपासलेले रक्त, दुसऱ्याचे ब्लेड वा वस्तरा, गोंदण्याची सुई, शरीरसंबंध आणि बाळंतपणात आईकडून बाळाला, अशा वाटांनी ते येतात. एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने येत नाहीत.

मोठेपणी बी विषाणू शिरला तर शंभरातल्या पाचांहून कमी लोकांत तो कायम मुक्कामाला राहतो. पण जन्मतः बाळाला लागला, तर शंभरातल्या नव्वदांहून अधिक बाळांत तो ठाण मांडतो आणि पुढे ऐन उमेदीत यकृत आक्रसणे किंवा कर्करोग उद्भवतो. म्हणून बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत या लशीचा पहिला डोस मिळाला पाहिजे. मोठ्यांनाही ही लस घेता येते. एरवी तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. सी विषाणूवर लस नाही, पण त्यावर आता गोळ्या निघाल्या आहेत. साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले ९५ हून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली बी आणि सी या दोन्हींची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

फडातली कावीळ

हा भाग ऊसकरी मंडळींनी दोनदा वाचावा.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतातील इंगहॅम भागात १९३३-३४ च्या सुमारास ऊसतोड कामगारांना जबर ताप, पोटऱ्यांत वेदना आणि कावीळ होऊ लागली. काही दगावले. उसातल्या उंदरांच्या मुताने फडातली ओल दूषित होते, आणि हातापायाच्या चिरांतून तो जंतू अंगात शिरतो, असे आढळले. उंदीर पळावेत म्हणून तोडणीपूर्वी फड पेटवावा, अशी कामगारांची मागणी होती आणि त्यावरून १९३५ साली संपही झाला. या रोगाला लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. तो आपल्या महाराष्ट्रातही होतो. मुंबईत २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर त्याचे पुष्कळ रुग्ण आढळले होते.

आपण फड पेटवावेत असे मुळीच सांगायचे नाही. जळक्या उसाचे वजन आणि कपात किती हे सभासदांना सांगायला नको, आणि पाचट रानातच कुजवलेले बरे. पण उंदीर आपल्याही उसात आहेत. रात्री अनवाणी दारे धरणारा शेतकरी आणि ओल्या फडात राबणारा तोडकरी, दोघांनाही ही लागण होऊ शकते. गमबूट वापरावेत, चिरा-जखमा झाकाव्यात, काम संपल्यावर हातपाय साबणाने धुवावेत, साचलेल्या पाण्यात तोंड धुऊ नये, उंदरांचा बंदोबस्त सर्वांनी मिळून करावा.

खूण अशी : अचानक थंडी वाजून ताप, पोटऱ्या दाबवत नाहीत इतक्या दुखतात, डोळे लाल होतात, आणि मग काहींना कावीळ होते व लघवी कमी होते. या काविळीत थांबून चालत नाही, कारण मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आणि हिच्यावर औषध आहे! डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन यांसारखी साधी प्रतिजैविके लवकर सुरू केली तर माणूस वाचतो. म्हणून डॉक्टरांना आवर्जून सांगा, "मी उसात काम करतो." हे एक वाक्य पुष्कळदा निदान करून देते.

दारू आणि गोळ्या

रोज दारू पिणाऱ्याचे यकृत आधी चरबीने भरते, मग सुजते, शेवटी आक्रसते. त्याला कावीळ झाली म्हणजे शेवटून दुसरी घंटा समजावी. अशा वेळी खरे औषध एकच, दारू कायमची बंद. मात्र रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हातपाय थरथरणे, भ्रम, झटके असा त्रास होऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. उसाच्या मळीपासून होणारा मद्यार्क पेट्रोलच्या टाकीत शोभतो, माणसाच्या पोटात नाही.

क्षयाच्या गोळ्या चालू असताना डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या आणून मनाने मूठ-मूठ खाऊ नयेत. पॅरासिटॅमॉलसारखी साधी गोळीही प्रमाणाबाहेर घेतली तर यकृत बिघडवते.

उपचार, पथ्य आणि उसाचा रस

ए आणि ई काविळीवर वेगळे औषध नाही. विश्रांती, पुरेसे पाणी, पोटभर अन्न आणि लक्ष ठेवणे हाच उपचार. अशक्तपणा असेपर्यंत कष्टाचे काम करू नये. बिनकामाची सलाइने लावून घेऊ नयेत. उलट्यांमुळे पोटात काही ठरत नसेल तेव्हा सलाइन उपयोगी.

पथ्याच्या नावाखाली आपण रुग्णाला उपाशी मारतो. हळद बंद, तेल बंद, डाळ बंद, नुसते लाह्या आणि मुळा! हळदीने कावीळ वाढत नाही. तेलातुपाची शिसारी येत असेल तर काही दिवस कमी करावे, पण बंदी नाही. भाकरी, भात, वरण, ताक, दूध, अंडे, पालेभाजी, जे रुचेल ते थोडे थोडे पण वरचेवर द्यावे. यकृताला दुरुस्तीसाठी अन्नच लागते. सकाळी मळमळ कमी असते, तेव्हा न्याहारी भरपूर द्यावी.

आता उसाचा रस. काविळीला रस चांगला, असे गावोगाव म्हणतात, आणि कारखान्याच्या पत्रिकेने रसाविरुद्ध बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. पण खरे ते सांगितले पाहिजे. रसात साखर असते, तिने भूक मेलेल्या माणसाला तरतरी येते. एवढाच त्याचा उपयोग. रसाने यकृताची सूज उतरत नाही, आणि नळीतला खडा तर मुळीच हलत नाही. मधुमेह असलेल्याला रस अपायकारक. रस्त्यावरच्या चरकाचा रस, त्यात कुठल्या पाण्याचा कोण जाणे असा बर्फ, आणि एकाच बादलीत बुडवलेले पेले, हे तर कावीळ आणण्याचेच साधन. घरचा ऊस, धुतलेला चरक, स्वच्छ पेला आणि बर्फ नको, असा पेलाभर रस निरोगी साखरेच्या माणसाने घेतला तर हरकत नाही.

खड्याने किंवा गाठीने अडलेल्या नळीवर मात्र घरचा उपाय नाही. नळीतला खडा बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात. गाठ असल्यास ती लवकर कळली तरच शस्त्रक्रिया होऊ शकते. खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, याची इस्पितळात आधी चौकशी करा.

एक दिवसही थांबू नये अशा खुणा

घरातल्या भिंतीवर लावून ठेवण्याजोगी ही यादी आहे :

१. रुग्ण गुंगतो, बरळतो, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, ओळख विसरतो.
२. हिरड्या, नाक, उलटी किंवा शौचातून रक्त जाते, अथवा शौच डांबरासारखे काळे होते.
३. उलट्या थांबत नाहीत, पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही.
४. कावीळ, थंडी वाजून ताप आणि पोटाच्या उजव्या वरच्या बाजूस कळ, ही तिन्ही एकदम आहेत. तुंबलेल्या नळीत पू झाल्याची ही खूण असू शकते.
५. लघवी फार कमी होते, पोट फुगते, पाय सुजतात.
६. रुग्ण गरोदर आहे.

यांपैकी एकही खूण दिसली तर १०८ ला फोन करावा आणि मोठे इस्पितळ गाठावे. याशिवाय पन्नाशीपुढच्या माणसाला न दुखता कावीळ झाली, वजन घटले, खाज सुटली, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी झालीच पाहिजे. आणि कोणाचीही कावीळ तीन-चार आठवड्यांत उतरणीला लागली नाही, तर पुन्हा तपासणी करावी.

पाणी सांभाळा

विहिरीच्या किंवा टाकीच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकल्यावर निदान एक तास पाणी वापरू नये, तेवढा वेळ जंतू मरायला लागतो. नळाला क्लोरीन पोचले की नाही ते ओ.टी. टेस्टने कळते, ती टेस्ट गावाच्या शेवटच्या नळावर करावी, टाकीखाली नव्हे. नळ बंद झाला की रिकामी नळी फुटक्या जागेतून बाहेरची घाण ओढून घेते, म्हणून पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्याला भरू नये. फडक्याने गाळून किंवा तुरटी फिरवून पाणी निवळते, पण विषाणू मरत नाहीत. शंका असेल तेव्हा खळखळ उकळी आणावी आणि त्याच भांड्यात झाकून गार करावे.

तोडणीच्या कोप्या आपण जेथे घालू देतो तेथे पिण्याचे पाणी कोठले, याची चौकशी सभासदाने स्वतः करावी. आपला ऊस तोडणारी माणसे पाटाचे पाणी पीत असतील आणि संडासाची सोय नसेल, तर ती साथ कोपीत थांबत नाही. पाटाने आपल्याच वस्तीवर येते. शिवाय ज्यांच्या कोयत्यावर आपला हंगाम उभा आहे, त्यांना स्वच्छ पाणी देणे हा उपकार नव्हे, देणे आहे.

शेवटी त्या मुलाला आम्ही जे उत्तर दिले तेच येथे देतो. "बाळ, नानांना माळेनं गुण आलाच नव्हता. त्यांची कावीळ जाणारी होती, ती गेली. आबांची जाणारी नव्हती. दोघांचे डोळे सारखेच पिवळे होते, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही."

मुलगा काही बोलला नाही. पण गेल्या पावसाळ्यात त्याच्या चुलतीचे डोळे पिवळे दिसले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी तो तिला मोटारसायकलवर घेऊन दवाखान्यात आला. नळीत खडा होता, तो दुर्बिणीने निघाला. बाई आता घरचे सगळे बघतात.

डोळे पिवळे दिसले तर तुम्हीही एवढेच करा. आधी कारण शोधा.

– कारखाना दवाखाना